चार बोटं रिकामी जागा

माझे साडू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांनी लातूरच्या आपल्या हॉलमध्ये समुद्र बांधायला घेतला. 'बांधायला' हा शब्द त्यांचाच. इतर लोक मासे पाळतात. साडूंनी नोकरीभर बंधारे, कालवे आणि पाझर तलाव केलेले असल्यामुळे त्यांना पाळणं ठाऊक नव्हतं, बांधणं ठाऊक होतं.

लातूरला त्यांच्या भागात नळाचं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. अशा गावात एका शहाण्या माणसाने कुरिअरने मिठाच्या थैल्या मागवाव्यात आणि घरातलं चांगलं पिण्याचं पाणी आपल्या हाताने खारं करावं, हे पाहून मला बोलायला शब्द सापडले नाहीत. आणि मी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली आहे. आम्ही राहतो नांदेडला. गोदावरी आमच्या गावातून जाते म्हणून सासुरवाडीत आम्हाला 'नदीवाले' म्हणतात, जणू ती आमच्या मोरीतूनच वाहते. खरं तर माझं लहानपण लोह्याजवळच्या एका खेड्यात गेलं. तिथे आड आटला की आम्ही भावंडं घागरी घेऊन मैलभर जायचो. भांडं रिकामं दिसलं की हात शिवशिवतो, हा रोग मला तेव्हापासूनचा. पण ते पुढे येईल.

प्रवाळाच्या टाकीला दोन मजले असतात, हे मला साडूंमुळे कळलं. पाहुण्यांनी पाहायचं ते सगळं वरच्या काचेच्या टाकीत: मासे, खडक, रंगीत प्रवाळ. पाणी साफ ठेवणारी कुरूप यंत्रं खालच्या कपाटात, दाराआड, दुसऱ्या टाकीत. छंदी लोक तिला 'सम्प' म्हणतात. घरात तिचं नाव पहिल्या दिवसापासून खालची टाकी. वरचं पाणी काठावरून ओसंडून पाइपाने खाली उतरतं, तीन खणांमधून गाळत-निथळत जातं आणि शेवटच्या खणातला पंप ते परत वर चढवतो.

"म्हणजे वर दिवाणखाना, खाली मोरी," मी म्हणालो.

"वर जलाशय, खाली शुद्धीकरण केंद्र," साडूंनी दुरुस्ती केली.

खालच्या टाकीचा नकाशा त्यांनी मोठ्या कागदावर काढला. कपाटात ठेवायच्या टाकीच्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण मी आयुष्यात प्रथमच पाहिला. पाणी जिथून ओसंडणार तो 'सांडवा'. खणांमधल्या काचेच्या आडभिंती म्हणजे 'बंधारा क्रमांक एक' ते 'बंधारा क्रमांक तीन'. पहिल्या खणात फेस उसळवून घाण वेगळी काढणारं यंत्र होतं. त्याच्या पेल्यात काळपट चहासारखं काहीतरी साचत असे आणि त्याचा वास घेतल्यावर खरा चहा दोन दिवस नकोसा होई. त्याला त्यांनी 'गाळ विसर्ग' असं नाव दिलं होतं. खाली तळटीप होती: सर्व मापे सेंटिमीटरमध्ये.

काच बसवायला उदगीरचा एक शोकेसवाला आला. नकाशा त्याने आधी उलटा, मग सुलटा धरून पाहिला.

"साहेब, ही भिंत खालून सोडायची म्हणून राहिले, ती वरून सोडायची म्हणून राहिले. मग भिंत घालता कशाला?"

"पाण्यातले बुडबुडे अडतात त्यानं."

"बुडबुडे अडवायला भिंत," शोकेसवाला स्वतःशीच म्हणाला आणि मापं घ्यायला लागला. त्याने काम मात्र चोख केलं.

त्या नकाशातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे काहीच नसलेली जागा. शेवटच्या खणात एक लाल रेषा होती, तिचं नाव 'पूररेषा'. पंप चालू असताना पाणी त्या रेषेवर राहायला हवं. रेषेच्या वर काठापर्यंत टाकी रिकामी. कारण लाइट गेली की पंप थांबतो, वरचं जादा पाणी खाली उतरतं आणि त्याला मावायला जागा लागते. ते सगळं उतरून थांबलं, की काठाखाली चार बोटं जागा तरीही शिल्लक राहील, असं साडूंनी गणित केलं होतं. मी त्यांना पंप इन्व्हर्टरवर घ्यायला सुचवलं. पण इन्व्हर्टरवर हॉलचा पंखा, देवघरातला दिवा आणि सासूबाईंच्या मालिका होत्या; तिथे पंपाचा नंबर लागण्यासारखा नव्हता.

"लागत पण नाही," साडू म्हणाले. "लाइट जाणार हे गृहीत धरूनच डिझाइन केलंय, सर."

मग लोकार्पण झालं. त्यांच्या खात्यातले चार-पाच निवृत्त अधिकारी, शेजारी आणि आम्ही दोघं. फीत होती. नारळ टाकीजवळ फोडायला काचेची भीती, म्हणून तो अंगणात फोडून पाणी आत आणलं आणि ते टाकीत पडू नये म्हणून साडू दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले. भाषणात 'मराठवाड्याच्या दुष्काळी भूमीत' हे शब्द तीनदा आले. शेवटी त्यांनी मेन स्विचजवळ जाऊन सगळ्यांना कपाटाकडे पाहायला सांगितलं आणि स्विच बंद केला. घरघर थांबली, पाणी खळखळत खाली आलं, चढत गेलं आणि काठाखाली बरोबर चार बोटांवर थबकलं. निवृत्त अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुठलंही काम नकाशाप्रमाणे झालेलं पाहण्याची त्यांना फार सवय नसावी.

सासूबाई मोठ्या लेकीकडेच राहतात. त्या कपाटापाशी वाकून म्हणाल्या, "जावईबापू, समदं लई झ्याक हाय. पण येवढी जागा मोकळी ठिवून काय उपेग? दोन घागरी मावत्यात की तिथं."

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. "आई," मी म्हटलं, "ती सरकारी जागा आहे. ती रिकामीच असते."

एकच बाई हसली नव्हती. माझी मोठी मेव्हणी, म्हणजे साडूंची बायको. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. साडूंनी याआधी प्लास्टिकच्या ड्रमचा एक प्रयोग केला होता. तो दिवाणाखाली फुटला आणि दिवाणातल्या लग्नाच्या पैठणीने खारं पाणी पिऊन घेतलं. तेव्हापासून ताईची अट होती: पुन्हा एकदा खारं पाणी फरशीवर दिसलं, की त्याच दिवशी टाकी घराबाहेर. साडूंनी ती मान्य केली होती. लेखी.

हा सगळा थाट मला हसण्यासारखा वाटायचा आणि मी हसत होतो. पण एका संध्याकाळी आम्ही दोघंच टाकीपुढे बसलो होतो. खडकावर शर्टाच्या बटणाएवढी हिरवी प्रवाळं उघडली होती. आणली तेव्हा पाच होती, आता अकरा झाली होती. साडू एकदम साध्या आवाजात म्हणाले, "सर, मी बांधलेल्या तलावांपैकी किती भरलेले पाहिले सांगू? बोटावर मोजण्याइतके. पाऊसच नाही, तर तलाव काय करेल? हे एक काम तरी भरलेलं आणि जिवंत बघू द्या मला." त्यावर मला विनोद सुचला नाही. सुचला असता तरी बहुतेक केला नसता.

मे महिन्यात आम्ही नवरा-बायको आठ दिवसांसाठी लातूरला गेलो. त्याच आठवड्यात साडूंना कंधारला एका जुन्या सहकाऱ्याच्या घरचं लग्न होतं, तिथून पुढे माहूरला देवीचं दर्शन. ताईचे गुडघे दुखत होते, म्हणून ते एकटेच निघाले. टाकीचा चार्ज त्यांनी माझ्याकडे दिला. चार्ज म्हणजे शब्दशः चार्ज. दोन पानी कागद, खाली 'देणार' आणि 'घेणार' अशा सह्या. कलम एक: माशांना सकाळी चिमूटभर खाद्य. कलम दोन: गाळ विसर्ग पेला रोज धुणे. कलम तीन खाली दोन रेघा मारलेलं होतं: उन्हामुळे पाणी वाफ होऊन कमी होते, तेवढे फिल्टरचे गोडे पाणी रोज सकाळी शेवटच्या खणात टाकणे; पूररेषेच्या वर थेंबही नाही.

"कळलं ना सर?"

"साडूभाऊ, मला वाचता येतं."

पहिला दिवस नीट गेला. मी एक तांब्या पाणी टाकलं, रेषा पाहिली, दार लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला.

ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना हे कळणार नाही. नऊ दिवसांनी नळ आला की त्या घरात कुणी कुणाचा साडू नसतो, सासू नसते. हौद भरला, वरची टाकी भरली, पिंप, घागरी, कळशा, बादल्या भरल्या. मग कुकर भरले. मग पोळ्यांचा डबा रिकामा करून तो भरला. माझी बायको ताम्हण घेऊन उभी होती. आणि नळ अजून चालू होता. नळ चालू आणि भांडी संपलेली, याच्याइतकी वाईट वेळ माणसावर येऊ नये.

तेव्हा माझं लक्ष टाकीजवळच्या पांढऱ्या बादलीकडे गेलं. तिच्यात फिल्टरचं पाणी होतं, साडूंनी माझ्यासाठी काढून ठेवलेलं. ही बादली रिकामी झाली तर नळाचं एक बादली पाणी वाचेल. फिल्टरचं पाणी कुठे जाईल? मी कपाटाचं दार उघडलं. खालच्या टाकीत लाल रेषेच्या वर ती जागा होती. स्वच्छ, काचेची, रिकामी. कलम तीन मला पाठ होतं. पण उद्याही ऊन पडणारच आहे, परवाही पडणार आहे, म्हणजे वाफ होणारच. मग परवाचं पाणी आजच टाकलं तर त्यात चूक काय? असा विचार मी केला, म्हणजे आधी बादली ओतली आणि मग विचार केला. पाणी रेषेच्या वर चढलं, तरी जागा पुष्कळ दिसत होती. मी दार लावलं आणि बादली घेऊन नळाकडे पळालो. छातीत एक समाधान भरलं होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला लाइट गेली. जेवणं झाली होती. सासूबाई हॉलमध्ये चटईवर आडव्या झाल्या होत्या, मी खुर्चीत पेंगत होतो. पंपाची घरघर थांबली, खळखळ सुरू झाली, ओळखीची. मी डोळे मिटूनच चार बोटांची वाट पाहत होतो. खळखळ थांबण्याऐवजी तिचा आवाज बदलला. मग सासूबाई उठून बसल्या.

"जावईबापू! उठा वो! समुंदर आला!"

कपाटाच्या दाराखालून पाणी शांतपणे येत होतं, कसलीही घाई नसल्यासारखं. त्यानं चटई ओलांडली, माझी चप्पल उचलली आणि ते दिवाणाच्या दिशेने निघालं. ताई स्वयंपाकघरातून धावत आली. गुडघे दुखणाऱ्या बाईने इतक्या वेगाने दिवाणातली गाठोडी पलंगावर फेकलेली मी पाहिली नव्हती. टॉवेल, जुन्या गोधड्या, माझी लुंगी, जे हाताला येईल ते घेऊन आम्ही चौघं जमिनीवर बसलो. पाणी पिळून दोन बादल्यांच्या तळाशी जमवलं.

मग ताई त्या बादल्यांकडे बघत उभी राहिली. भाजी धुतलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं फरशीला, फिल्टरमधून वाया जाणारं संडासाला. तिच्या घरात पाणी दोन कामं केल्याशिवाय बाहेर जात नाही.

"हे कशाला येईल गं?" तिने माझ्या बायकोला विचारलं.

"ताई, खारं आहे. तुळस मरेल."

ताईने दोन्ही बादल्या मागच्या नालीत ओतल्या आणि आत येऊन खुर्चीवर बसली. चेहरा असा, की कुणीतरी तिच्याकडून खोटी साक्ष वदवून घेतली असावी.

"अट होती," मी चाचरत म्हटलं.

"होतीच," ती म्हणाली. एवढंच. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मला वाटलं, माझा राग आला असेल.

लाइट आल्यावर पंपाने खालचं गोडं मिसळलेलं पाणी पुन्हा वर चढवलं, आणि संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा बटणं मिटली. करकचून, मुठी आवळल्यासारखी. मासे एका कोपऱ्यात जाऊन राहिले.

"दाजींना फोन करा," बायको म्हणाली.

"देवीसमोर उभे असतील."

"रात्रभर?"

मी फोन केला नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. ग्रंथालयात एखादं पुस्तक हरवलं तर हरवणाऱ्याचं नाव मी नोटीस बोर्डावर लावत असे.

साडू दुसऱ्या दिवशी सकाळी आले. हातात माहूरच्या प्रसादाच्या तांबूलाची पुडी होती. ती हातातच राहिली. त्यांनी आधी टाकी पाहिली, मग फरशी, मग आम्हाला. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं: कलम तीन, पांढरी बादली, नळ.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पाण्यातली क्षारता मोजायचं दुर्बिणीसारखं भिंग काढलं, त्यावर दोन थेंब टाकले आणि उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. मग कागद घेऊन बसले. खात्यातल्या चौकशीची ती पद्धत असणार. आरोपी समोर बसलेला आणि अधिकारी आकडेमोडीत.

"सर, तुम्ही किती टाकलं म्हणालात?"

"एक बादली."

"एकच?"

"आता मी बादलीबद्दल खोटं बोलेन का?"

"मग हिशेब लागत नाही," ते म्हणाले. "एका बादलीने दोन बोटं चढतील. मी चार सोडली होती. एका बादलीने माझी टाकी ओसंडूच शकत नाही." आवाजात दुःख होतं, पण 'माझी टाकी' म्हणताना मान किंचित ताठ झाली. "आणि क्षार उतरलाय तो निदान अडीच बादल्यांचा. बाकीचं पाणी कुठून आलं?"

पंप घरघरत होता.

"एक मी टाकली," ताई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. "नळ आला होता. मोरीत फिल्टरच्या पाण्याची बादली अडकून होती. कपाट उघडलं तर जागा दिसली. रेषेच्या वर होतं पाणी, पण मला वाटलं तुम्हीच ठेवलं असेल तसं." आता मला कळलं, ती काल माझ्याकडे का पाहत नव्हती.

"म्हणजे दोन," साडू कागदावर लिहीत म्हणाले. "चार बोटं भरली. काठोकाठ. उरलेली अर्धी?"

माझ्या बायकोने दोन्ही हात वर केले. तिचा फक्त ताम्हणाशी संबंध होता. मग सगळ्यांनी हळूहळू चटईकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघून राहिले?" सासूबाई म्हणाल्या. "चार-पाच तांबे टाकले आसतील. जारचं चांगलं पाणी टाकलं, नळाचं न्हाई. मासे हायेत म्हणलं, उन्हाळा हाय. येवढं मोठं भांडं आन् ते अर्धं ठिवायचं? दारात आलेल्याला बी आपण अर्धा पेला देत न्हाई."

साडूंनी पेन खाली ठेवलं. "हिशेब लागला," ते म्हणाले. थोडा वेळ ते मिटलेल्या बटणांकडे बघत राहिले. मग उठून ताईसमोर उभे राहिले. "अट लेखी आहे. फरशीवर पाणी आलं. मी उद्या शोकेसवाल्याला बोलावतो, टाकी काढून नेईल."

नाटक नव्हतं ते. सही केलेल्या कागदाला हा माणूस जन्मभर भीत आलेला आहे. मला त्या क्षणी लोकार्पणाची फीत, उत्तरेचा बाण, सगळं आठवलं आणि मी त्याला हसलो होतो याची लाज वाटली.

"बसा खाली," ताई म्हणाली. "अट तुमच्या चुकीसाठी घातली होती. आमच्या चुकीसाठी मी कधी अट घातली?"

"पण फरशी..."

"फरशी मी पुसलीय. बसा, आणि तो तांबूल द्या आधी. देवीचा प्रसाद मुठीत धरून चौकशी करताय."

त्या आठवड्यात साडू रोज थोडं थोडं खारं पाणी घालून क्षार चढवत होते. एकदम चढवला तर प्रवाळं मरतात म्हणे. आमच्या परतण्याच्या दिवशी सकाळी एक बटण अर्धवट उघडलं. साडूंनी आम्हाला बोलावलं नाही, भाषण केलं नाही. खुर्ची ओढून एकटेच बसून राहिले. बाकीची आम्ही नांदेडला पोचल्यावर उघडली. दोन उघडलीच नाहीत.

दिवाळीला गेलो तेव्हा कपाटात नवा नकाशा चिकटवलेला होता. खालची टाकी तीच, लाल रेषा तीच, वरची रिकामी जागाही तीच, पण तिच्यावर आता काचेचं झाकण. आणि शेजारी एक नवी, अरुंद, उंच टाकी. तिच्यातून एक बारीक नळी खालच्या टाकीत जात होती आणि नळीच्या तोंडाशी घरच्या हौदावर असतो तसा छोटा तरंगता गोळा होता. पाणी वाफ होऊन कमी झालं, की गोळा खाली जाऊन तेवढंच गोडं पाणी आत सोडणार, एक थेंब जास्त नाही.

"ही उंच टाकी किती भरायची?" मी विचारलं.

"काठोकाठ," साडू म्हणाले. "केव्हाही, कुणीही. पहिल्या डिझाइनमध्ये पाण्याचा विचार केला होता, सर. माणसांचा राहिला होता."

नकाशावर त्या टाकीचं नाव लिहिलेलं होतं: 'लोकसहभाग'. म्हणजे थाट अगदीच उतरला नव्हता, हे पाहून मला बरं वाटलं.

त्या मुक्कामात नळ आला. हौद भरला, घागरी भरल्या, आणि सगळ्यात शेवटी सासूबाईंनी जारमधून तांब्या-तांब्याने ती उंच टाकी भरली, काठावर पाणी फुगेपर्यंत. मग पदराने काठ पुसला. मी पांढरी बादली घेऊन मागे उभा होतो, पण मला जागा उरली नाही.

आम्ही तिथे असतानाच साडू पुन्हा कंधारला निघाले. चार्जचा कागद तसाच दोन पानी होता. 'घेणार' म्हणून सासूबाईंचा अंगठा. त्यांना सही येते, पण चार्जला अंगठाच शोभतो असं त्यांचं मत. माझी सही साक्षीदार म्हणून घेतली, आणि खाली हाताने एक कलम वाढवलेलं होतं: साक्षीदाराने कपाट उघडू नये.